अपघाताची तारीख

ओऊलूच्या विमा कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
मी लोकांचे अपघात टाइप करते.
सव्वीस वर्षं झाली.
लाकूडगिरणीत गेलेलं बोट, बर्फावरून निसटलेली टाच,
शिडी, करवत, उकळतं डांबर.
प्रत्येकाला एक चौकोन: तारीख, वेळ, ठिकाण.
चौकोन रिकामा सोडला
तर संगणक पुढे सरकूच देत नाही.

माझ्या मनगटाला तारीख नव्हती.
आधी अंगठा आणि शेजारची दोन बोटं
बधिर व्हायला लागली.
मग रात्री दोनला उठून हात झटकायचा,
ओली छत्री झटकावी तसा.
अंथरुणातून ताउनो विचारायचा,
कुणाला हाकलतेस?
सगळे म्हणाले, जरा कळ काढ हिल्क्का,
उन्हाळ्यात रजा आहेच.

नोव्हेंबरात कॉफीची किटली हातातून सुटली.
किटलीला तारीख होती: मंगळवार, सकाळी सहा दहा.
फुटलेल्या फरशीलाही होती.

माझा अर्ज मीच भरायला घेतला
आणि त्या चौकोनापाशी अडले.
काय लिहू?
दिवसाला वीसेक हजार कळा दाबत आले.
कळ आणि कळ:
एक बोटाखाली, एक बोटात,
आणि दोन्ही मी मुकाट्यानं मोजत बसलेली.
यातली नेमकी कितवी?

जानेवारीत वीवी आली,
पाठीवर पिशवी, पिशवीत शिंप्याची टेप.
वाटलं, आता आमचे कोट शिवते की काय.
तिनं माझं कोपर मोजलं, टेबल मोजलं,
खुर्ची चार बोटं वर घेतली.
पाय लोंबकळायला लागले
तर खाली टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या सारल्या.
माउस पार तिकडे रानात चरत होता,
तो ओढून दावणीला आणला.
कळफलकाचे मागचे पाय मिटवले.
पडद्याखाली कोऱ्या कागदांचं एक रीम.
मग म्हणाली, टाइप करताना हात टेकू नकोस.

पोरी, मी तर हात टेकूनच बसलेय, मी म्हटलं.

ती हसली नाही.
माझी दोन्ही मनगटं खालून उचलून धरली,
घरट्यातून पिल्लू उचलावं इतक्या हलक्यानं,
आणि म्हणाली, अशी, सरळ.
थांबशील तेव्हा टेक.
मला अचानक रडू आलं. का, ते माहीत नाही.
बाहेर तीनलाच काळोख झाला होता.

माउस डाव्या हाताला गेला.
तीन आठवडे बाण पडद्यावर
लग्नातून परतणाऱ्या माझ्या दिरासारखा झोकांड्या खायचा.
आणि कोंबडीच्या आकाराचं ते घड्याळ!
दर अर्ध्या तासाला कॉकवायचं,
आम्ही सहाजणं उठायचो,
खांदे कानांपर्यंत नेऊन धपकन सोडायचो,
खिडकीतून नदीपलीकडचा एखादा दिवा बघायचो.
राउनोनं हिशेब मांडला:
माणशी दिवसाला बत्तीस मिनिटं वाया.
मी माझ्या टेबलावरच्या पेनांकडे बोट केलं.
पेनं त्या किटलीत उभी असतात.
राउनोनं कागद घडी करून खिशात घातला.
आता तोही उठतो, जरा उशिरा.

हात पुष्कळ सुधारला. सगळा नाही.
अंगठ्याचं टोक अजून परकं आहे,
सुई बोचली तर रक्त आधी दिसतं, दुखणं नंतर.
अर्ज अजून खणात आहे, चौकोन कोराच.

सोमवारपासून शेजारी ओन्नी बसतो. बावीस वर्षांचा.
मान कासवासारखी पुढे काढलेली,
मनगटं टेबलाच्या कडेवर मोडलेली,
आणि वेग असा की ऐकत राहावं.
मी खणातून टेप काढते.

पण मला काहीच दुखत नाही, तो म्हणतो.

हो ना, मी म्हणते. ऊठ.